तेवीस खड्डे

त्या सप्टेंबरात माझ्या पीएचडीचं पाचवं वर्ष संपत आलं होतं आणि मला सगळ्यात जास्त धास्ती वाटायची ती एका साध्या प्रश्नाची. "कुठवर आलं?" सोमाटण्यातल्या किराणा दुकानात, चुलत बहिणीच्या साखरपुड्यात, आत्याच्या फोनवर, सगळीकडे तोच प्रश्न. "थोडं राहिलंय," असं मी म्हणायचे. ते थोडं गेलं दीड वर्ष थोडंच राहिलं होतं. वडील नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात शिफ्टला जायचे. ते कधी काही विचारायचे नाहीत. डबा घेऊन निघताना माझ्या टेबलाकडे एक नजर टाकायचे, बस्स. त्यांचं ते न विचारणं मला जास्त बोचायचं.

आठवड्यातले दोन-तीन दिवस पुण्याला विभागात जावं लागे. तिथला माझा निम्मा वेळ मॅडमच्या केबिनबाहेरच्या बाकावर गेला. मॅडम म्हणजे माझ्या गाइड. सहामाही प्रगती अहवालावर त्यांची सही लागायची. एकदा तारीख चुकली म्हणून अहवाल परत आला. विभागातल्या प्रिंटरची शाई संपलेली, म्हणून मी गेटबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात धावले. परत येईपर्यंत मॅडम मीटिंगला गेल्या होत्या, आणि मीटिंग संपल्यावर त्या थेट घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाक. मजकूर कुठून उचललाय का हे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तर माझं एक अख्खं प्रकरण लाल करून टाकलं, कारण ते आधी छापून आलेल्या माझ्याच लेखाशी जुळत होतं. उचललं असेल तर माझंच उचललंय, हे मला लेखी कळवावं लागलं.

या सगळ्यात एक तारीख मात्र पक्की झाली होती. प्रबंध दाखल करण्याआधी विभागातल्या समितीसमोर सगळं काम मांडावं लागतं, ते सादरीकरण. ते तीन आठवड्यांवर आलं होतं. ते पार पडलं की डिसेंबरात मुदत संपायच्या आत प्रबंध देता येणार होता. फक्त शेवटच्या हंगामातल्या शेंगा मोजायच्या राहिल्या होत्या.

माझा विषय होता कंदीलपुष्प. गवताच्या आधाराने उभी राहणारी एक नाजूक वनस्पती. पावसाळ्यात तिला उभट, कंदिलासारखं फूल येतं. बारीक माश्या त्या फुलात शिरतात, आत अडकतात आणि फूल कलंडलं की अंगावर पराग घेऊन सुटतात. जमिनीखाली गोटीपेक्षा जरा मोठा कंद असतो. ही झाडं आता फार थोड्या ठिकाणी उरली आहेत. कुठल्या झाडाच्या किती फुलांना शेंगा धरतात, हे मी तीन पावसाळे मोजत होते. त्यासाठी साठ झाडं निवडून प्रत्येकाच्या बुडाशी अॅल्युमिनियमची एक छोटी पट्टी रोवली होती आणि तिच्यावर नंबर कोरला होता.

जागा तिकोणा पेठेच्या पुढे, एका वाडीच्या वरच्या उतारावर होती. ती मला सापडली नव्हती, दाखवली गेली होती. मोजणीच्या पहिल्या वर्षीचा अख्खा जुलै मी मोबाइलवरचा फोटो लोकांना दाखवत त्या भागात फिरत होते. वाडीतल्या एका मावशींनी फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "खरपुडी हाय ही. पर तुला कशाला पायजे?" साठीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या. स्वतःची थोडी नाचणी आणि वरई, बाकीचे दिवस धरणाकडेच्या फार्महाऊसवर रोजाने बागकाम. मी चार वेळा गेले तेव्हा कुठे त्या मला वर घेऊन गेल्या. उतारावर पोचल्यावर गवत बाजूला सारून त्यांनी पहिलं झाड दाखवलं आणि म्हणाल्या, "जागा कुनाला सांगायची न्हाई."

"नाही सांगणार," मी म्हणाले. माझे डोळे फुलावर होते.

त्यानंतर तीन पावसाळे मी त्यांच्याकडे चहा प्यायले, त्यांच्या ओट्यावर ओले मोजे वाळवले. एका हिवाळ्यात त्यांनी मला उकडलेली खरपुडीही खायला दिली होती. गोडसर लागली होती. तेही मी वहीत लिहून घेतलं आणि दुसऱ्या प्रकरणात घातलं.

आता त्या ऑगस्टातली गोष्ट. लोणावळ्यातल्या एका निसर्गप्रेमी मंडळाला व्याख्यान हवं होतं. मॅडम म्हणाल्या, "तू जा. विभागाच्या अहवालात असे उपक्रम दाखवावे लागतात." वेळ नव्हता, म्हणून मी आधीच्या एका सेमिनारच्या स्लाइडच उचलल्या. व्याख्यान रंगात आलं होतं आणि बटण दाबल्यावर पडद्यावर नकाशा आला. उपग्रहाचं चित्र, त्यावर लाल ठिपका, खाली अक्षांश-रेखांश. ही स्लाइड काढायची राहिली हे मला त्याच क्षणी कळलं. समोर सात-आठ मोबाइल वर झाले होते. मी घाईने पुढची स्लाइड लावली आणि बोलत राहिले. घरी येताना स्वतःला समजावलं, की ही सगळी चांगली माणसं आहेत, आणि त्या निसरड्या उतारावर चढणार कोण?

गणपती विसर्जनानंतरच्या सोमवारी मी स्कूटरवरून पवनानगरमार्गे वाडीवर पोचले. धुकं होतं, बारीक पाऊस होता. मावशी कामावर गेल्या होत्या, म्हणून एकटीच वर चढले. पहिल्या नंबराच्या झाडापाशी वाकले तर तिथे खड्डा. वाटलं, साळिंदर असेल, ते कंद उकरतं. दुसरं झाड जागेवर होतं. तिसऱ्याच्या जागी खड्डा. चौथ्याच्याही. मग मी वही छातीशी धरून धावतच सगळ्या उतारावर फिरले. दोनदा पाय घसरला. तेवीस खड्डे होते. साळिंदराने उकरलं की वरची वेल तिथेच तुटून पडलेली असते. इथे वेली नव्हत्या, पानं नव्हती. माझ्या पट्ट्याही नव्हत्या.

वरच्या कातळावर फोनला रेंज यायची. मी मॅडमना फोन लावला. त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला, हे कधी होत नसे.

"किती राहिली?" त्यांनी विचारलं.

"सदतीस."

"त्यांच्यावर शेंगा आहेत?"

"काहींवर आहेत. पण मॅडम, हे कोणी केलं असेल?"

"ते लोक कंद खातात ना? तूच लिहिलंयस दुसऱ्या प्रकरणात."

"खातात, पण..."

"मग तेच लिही. स्थानिकांकडून खाण्यासाठी होणारी उपटणी. शेवटच्या प्रकरणात एक परिच्छेद घाल. उलट परीक्षकांना असं काही ठोस लागतंच. आणि आता रडत बसू नकोस, सादरीकरण तोंडावर आलंय."

मी रडत नव्हते. पण फोन ठेवला तेव्हा डोक्यात संशय पक्का बसला होता. ही जागा कोणाला माहीत होती? मला आणि मावशींना. लोणावळ्याच्या पडद्यावरचा तो लाल ठिपका मला तेव्हा आठवला नाही असं मी पुढे कितीतरी दिवस म्हणत होते. ते खरं नाही. आठवला होता. मी तो बाजूला सारला, कारण मावशींवर संशय घेणं सोपं होतं.

मी दुपारभर त्यांच्या ओट्यावर बसून राहिले. त्या साडेचारच्या सुमाराला आल्या. डोक्यावरचं प्लास्टिकचं इरलं उतरवून खुंटीला लावत होत्या. मी पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

"मावशी, वरच्या खरपुड्या तुम्ही काढल्यात का?"

त्यांचा हात खुंटीवरच थांबला. "काय म्हनलीस?"

"तेवीस गेल्यात. जागा तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही."

त्यांनी इरलं पुन्हा डोक्यावर घेतलं. "चल. दाव मला."

वर पोचल्यावर त्या पहिल्या खड्ड्यापाशी उकिडव्या बसल्या आणि हात आत घालून चारी बाजू चाचपल्या. दुसऱ्या खड्ड्यापाशी तेच केलं. मग मान वर न करता बोलायला लागल्या.

"ह्ये आमचं काम न्हाई. आमी पहारीनं काडतो. एका अंगानं पहार घालायची, कंद उचलायचा, माती परत लोटायची. उगडा खड्डा ठिवला तर ढोराचा पाय मोडतो. ह्ये बग, चारी अंगांनी कापलंय. मातीच्या गड्ड्यासकट नेलंय. कुंडीत लावाया नेत्यात तसं." त्या उठल्या. "आन् आता फुलावर कोन काडतं? आता कंद पिचका आसतो, त्वांडात घालवत न्हाई. शेंगा फुटून म्हातारी उडाली का मग आमी जातो. बी सांडल्याबिगर कोन हात लावत न्हाई."

त्यांनी थोडं पलीकडे बोट केलं. तिथे गवतात एक झाड फुलावर होतं. माझ्या साठातलं नसलेलं.

"बिननंबराची हाय तशी हाय. तुज्या पट्ट्या बगून बगून काडल्यात. कुनाला सांगितलंस?"

"कोणाला नाही," मी म्हणाले.

इतक्या पटकन तोंडातून गेलं की मलाच ऐकू आल्यावर कळलं. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"मग मीच काडल्या आसतील," त्या म्हणाल्या, आणि माझ्यासाठी न थांबता खाली उतरायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी टेबलाशी बसले आणि तो परिच्छेद लिहिला. हे सांगायला अजून जड जातं. पाच वर्षांत मला एकही परिच्छेद इतका सहज सुचला नव्हता. अकरा ओळी. संदर्भ तयार होते, शब्द तयार होते, कुठेही कोणाचं नाव नव्हतं. नुसतं 'स्थानिक रहिवासी'. वाचणाऱ्या कोणालाही तो खटकला नसता. मी तो मॅडमना पाठवला. दहा मिनिटांत फोनवर त्यांचा होकाराचा अंगठा आला. माझ्या लिखाणाला त्यांनी इतक्या लवकर कधीच उत्तर दिलं नव्हतं. आईने विचारलं, "झालं का ग?" मी म्हणाले, "झालं." आणि जेवायला बसले.

बुधवारी दुपारी फोनवर एक निरोप आला. लोणावळ्याच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसलेले एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी तेव्हा खूप प्रश्न विचारले होते आणि माझा नंबर घेतला होता. त्यांनी लिहिलं होतं: 'आपल्या व्याख्यानातून प्रेरणा घेऊन एक छोटासा संवर्धन प्रकल्प सुरू केला आहे. एकदा येऊन मार्गदर्शन करावे.' सोबत फोटो. हिरव्या जाळीखाली कुंड्यांच्या दोन रांगा. पुढच्या कुंडीत मातीत काहीतरी चकाकत होतं. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. नंबर ४१.

जुन्या हायवेने लोणावळा गाठेपर्यंत काय काय बोलायचं ते मी मनात दहा वेळा घोकलं. त्यांचा बंगला तुंगार्लीला होता. गेटवर ते स्वतः आले, पांढरे बूट, हातात बागेचे हातमोजे. "या, या, डॉक्टर!" मला अजून कोणी डॉक्टर म्हणालं नव्हतं. त्यांनी चहा सांगितला आणि मला आधी जाळीखाली नेलं. एकूण तेवीस कुंड्या होत्या. नऊ झाडं मान टाकून बसली होती.

"तुमच्या नकाशामुळे जागा सापडली," ते म्हणाले. "नाहीतर आम्ही कुठे शोधणार होतो? रविवारी मी आणि माळी, दोघं गेलो. माझे गुडघे दोन दिवस बोलत होते, पण समाधान वाटलं."

"काका, ही माझ्या अभ्यासातली झाडं आहेत. नंबर दिसले नाहीत तुम्हाला?"

"दिसले ना! नंबर होते म्हणून तर ओळखता आली. एरवी गवतात काय कळतंय? पट्ट्याही जपून ठेवल्यात, बघा."

ते माझ्याकडे शाबासकीच्या अपेक्षेने बघत होते. मी घोकलेलं सगळं विसरले.

"पण उपटायची कशाला होती?"

"म्हणजे?" त्यांचा चेहरा बदलला. "तुम्हीच म्हणालात फार थोडी उरली आहेत. आणि तिथले लोक कंद खातात, हेही तुम्हीच सांगितलंत. म्हटलं, त्यांनी खाऊन संपवण्याआधी काही तरी वाचवावीत."

त्यांचं प्रत्येक वाक्य माझ्या व्याख्यानातलं होतं. काल लिहिलेल्या अकरा ओळीही त्याहून फार वेगळ्या नव्हत्या.

"मला ती परत हवी आहेत."

"आता हलवली तर उरलेलीही मरतील."

"इथेही मरतायत, काका."

त्यांनी हातमोजे काढून टेबलावर टाकले. आवाज चढला. "भर सभेत जागा दाखवायची आणि मग घरी येऊन आम्हाला चोर म्हणायचं? मला वाटलं तुम्हाला आनंद होईल." मी मोबाइलने सगळ्या कुंड्यांचे फोटो काढले. ते कमरेवर हात ठेवून बघत राहिले, पण त्यांनी अडवलं नाही. चहा आला तो तसाच राहिला.

शुक्रवारी मॅडमच्या बाकावर दोन तास बसले. आत बोलावलं तेव्हा फोटो त्यांच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. त्यांनी एकेक फोटो सावकाश पाहिला.

"नकाशाची स्लाइड काढली नव्हतीस?"

"नाही."

"हे समितीपुढे बोललीस तर पहिला प्रश्न तुझ्या पद्धतीवर येईल. तेवीस झाडांची शेवटची आकडेवारी बाद. आणखी एक पावसाळा जाईल. मुदतवाढ मागावी लागेल, ती मिळेलच असं नाही."

"आणि तो परिच्छेद, मॅडम?"

"त्यात खोटं काय आहे? लोक कंद खातातच."

"पण ही झाडं त्यांनी काढलेली नाहीत."

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांच्या टेबलावर तपासायच्या उत्तरपत्रिकांचे तीन गठ्ठे होते. पहिल्यांदाच मला त्या थकलेल्या दिसल्या. "काय करायचं ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस तर मीही तिथेच बसलेली असेन, आणि मलाही विचारतील. एवढं लक्षात ठेव."

सादरीकरणाच्या दिवशी लॅपटॉपची वायर प्रोजेक्टरला बसेना. शिपायाने कुठूनतरी कनेक्टर शोधून आणला, तोवर वीस मिनिटं गेली. समितीत तिघं होते, त्यातले एक बाहेरच्या विद्यापीठातले. मागे पाच-सहा संशोधक विद्यार्थी, जे दुसऱ्याची धडधड बघायला येतात. मी माश्यांबद्दल बोलले, परागांबद्दल बोलले, शेंगांचे आलेख दाखवले. शेवटच्या भागाशी आले तेव्हा तो परिच्छेद मी आधीच काढून टाकलेला होता आणि त्या जागी एका खड्ड्याचा फोटो होता.

"या हंगामात साठांपैकी तेवीस झाडं उपटली गेली," मी म्हणाले. "ती वाडीतल्या लोकांनी काढली नाहीत. ते बी सांडल्यावरच कंद काढतात. मी एका व्याख्यानात जागेचा नकाशा दाखवला. तो पाहून एक जण तिथे गेले. झाडं त्यांना माझ्या नंबरांमुळे सापडली."

बाहेरचे सदस्य पेन खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे झाडं गेली ती तुमच्यामुळे?"

"हो सर."

मॅडम समोरच्या कागदाकडे बघत होत्या. त्यानंतर पाऊण तास प्रश्न चालले. नंबर लावायची पद्धत कोणाकडून घेतली, जागा उघड करू नये हे माहीत नव्हतं का, गाइडनी स्लाइड पाहिल्या होत्या का. शेवटच्या प्रश्नाला मॅडम स्वतः म्हणाल्या, "नव्हत्या पाहिल्या. पाहायला हव्या होत्या." मला बाहेर थांबायला सांगितलं. आत बोलावलं तेव्हा निर्णय झाला होता: आणखी एका हंगामाची नोंद, पद्धतीवर नवं प्रकरण, एका वर्षाची मुदतवाढ द्यावी अशी शिफारस.

घरी वडिलांना सांगितलं. "म्हणजे अजून एक वर्ष?" ते म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी बुटाची नाडी बांधली आणि कामाला गेले. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पण सगळ्यात अवघड सांगणं अजून बाकी होतं. मावशी शेतात वरई कापत होत्या. मी बांधावर उभी राहिले.

"मावशी, मी खोटं बोलले. जागा मीच दाखवली. लोणावळ्याला, भरल्या हॉलमध्ये."

विळा थांबला नाही. "मला ठावं व्हतं."

"कसं?"

"तुजं त्वांड दिसत व्हतं की." दोन मुठी कापून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आन् माज्यावर घातलंस."

"हो."

मी निघून जावं का थांबावं ते कळेना, म्हणून मी कापलेल्या मुठी उचलून एका जागी ठेवायला लागले. त्यांनी नको म्हटलं नाही. ओळ संपल्यावर पाठ सरळ करत त्यांनी विचारलं, "मेल्या का हायत?"

"चौदा जिवंत आहेत."

"मग आन त्यांला."

मी वनरक्षकांना सगळं लेखी दिलं होतं. त्यांनी त्या गृहस्थांना फोन केला आणि मॅडमनीही केला. मॅडम त्यांना काय म्हणाल्या ते मला कधी कळलं नाही. चार दिवसांनी ते स्वतः गाडीत कुंड्या घेऊन वाडीच्या पायथ्याशी आले. माझ्याशी बोलले नाहीत. मावशींना मात्र म्हणाले, "माझा हेतू वाईट नव्हता हो. वाटलं, तुम्ही लोक खाऊन टाकाल."

"खातोच की," मावशी म्हणाल्या. "माजी सासू खायाची, तिची सासू खायाची. तरी तितं व्हत्याच ना? तुमी येऊन गेला आन् कमी झाल्या."

त्या गृहस्थांचे गुडघे पुन्हा चढायला तयार नव्हते. मी आणि मावशींनी दोन-दोन कुंड्या करून सगळी झाडं वर नेली. शेवटची फेरी होईपर्यंत ते पावसात छत्री धरून गाडीबाहेर उभे होते.

मावशींनी एकेक झाड स्वतः लावलं. मी पट्टी पुढे केली तर त्यांनी हात झटकला. "ह्ये नगं."

"मग मला कळणार कसं कुठलं कुठलं आहे?"

"ध्यानात ठिव."

पुढचं वर्षभर मी वहीत दगडांची चित्रं काढली. कातळाला भेग आहे तिथून तीन पावलं, करवंदाच्या जाळीच्या वरच्या अंगाला. पावसाळा आला तेव्हा परत लावलेल्या चौदांपैकी सहा उगवली, त्यातल्या दोन झाडांना फूल आलं, शेंग एकालाही धरली नाही. तेच आकडे मी प्रबंधात घातले. कंद कधी आणि कसा काढायचा हे मावशींनी सांगितलं तसं लिहिलं. तुमचं नाव देऊ का विचारलं, तर म्हणाल्या, "माजं नाव नगं, वाडीचं बी नगं." मुदत संपायला आठवडा असताना प्रबंध दिला आणि पुढच्या उन्हाळ्यात पदवी मिळाली. नोकरी अजून तासिका तत्त्वावर आहे. आत्याचा प्रश्न आता वेगळा आहे, इतकंच.

अजूनही पावसाळ्यात महिन्यातून एकदा मी वाडीवर जाते. मावशी चहा देतात, घरच्यांची चौकशी करतात. पण मी उताराकडे निघाले की त्या हातातलं काम टाकून उठतात. "येकटी जाऊ नगंस, वर जनावर हाय," म्हणतात. मी त्या उतारावर तीन पावसाळे एकटी फिरले आहे, तेव्हा त्यांनी कधी जनावराचं नाव काढलं नव्हतं. त्या पुढे चालतात आणि मी मागून चढते.